दवनीवाड्याची उघडी दारे

कार्तिक शुद्ध चतुर्थी, शके १८५३. नागपूर स्टेशन, सकाळची गाडी. हजर: मी, माझ्या थोरल्या नणंद दुर्गावन्सं, आणि आमच्या स्वदेशी प्रदर्शनाच्या कलाविभागाचे सल्लागार, निवृत्त ड्रॉइंग मास्तर गोपाळराव. गैरहजर: प्रदर्शन समितीचे अध्यक्ष, कारण त्यांना खेड्यातले पाणी बाधते. सामान: एक ट्रंक, दोन वळकट्या, फिरकीचा तांब्या, दशम्यांचा डबा आणि मास्तरांची छत्री. पावसाळा संपून गेला होता, पण छत्रीवाचून मास्तर घराबाहेर पडत नाहीत.

समितीने काम नेमून दिले होते ते असे: भंडारा जिल्ह्याच्या गोंदियाकडच्या भागात जायचे, तिकडच्या कारागिरांची कामे त्यांच्या दारात जाऊन पाहायची आणि प्रदर्शनात मांडण्याजोगी निवडायची. निघण्याच्या आदल्या दिवशी अध्यक्षांनी मला बोलावून बजावले, "बाई, कला आणा. राजकारण आणू नका. उद्घाटनाला बडे साहेब येण्याचा संभव आहे." मी तेही यादीत लिहून घेतले. कला, घ्यावी. राजकारण, सोडावे. यादीत लिहिले की कोणतीही गोष्ट सोपी दिसते.

वैनगंगा ओलांडली आणि गाडीच्या दोन्ही अंगांना धान सुरू झाले. आपल्याकडे शेत म्हणतात ते इथे बांध्यांत वाटलेले असते. बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीची कड घातलेला तुकडा. लवकर पिकणारे हलके धान कापून पडले होते, उशिरा येणारे भारी धान अजून उभे होते, आणि मधूनमधून तळी. तळ्यांत उलट्या मडक्यांवर पोट टेकून माणसे शिंगाडे काढत होती. वन्संना आधी ती बुडताहेत असेच वाटले, आणि डब्यातल्या एका सद्गृहस्थांनी समजूत घातल्यावरही पुढचे तळे येईपर्यंत त्यांनी खिडकी सोडली नाही.

गोंदियाला उतरलो तो कोंड्याच्या वासात. धानाच्या गिरण्यांची धुराडी स्टेशनातूनच दिसतात, आणि बाहेर पडल्यावर सगळे बोलणे हिंदीत. "बाईजी, किधर जाना है?" हमालाने विचारले. दवनीवाडा म्हटल्यावर त्याने ट्रंक खाली ठेवली. "उधर क्या रखा है?" मी म्हटले, तेच पाहायला निघालो आहोत. त्याने ट्रंक पुन्हा उचलली, पण चेहऱ्यावरून पटल्याचे दिसले नाही.

धर्मशाळेच्या शेजारच्या ओसरीवर माणसे ओळीने विड्या वळत बसली होती. त्यांतलाच रामाजी चितारी आम्हाला गावी नेणार होता. चितारी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चित्रे आणि मूर्ती रंगवणारे घर. चितारी विड्या का वळतो, हा प्रश्न मला पडला होता. पण पहिल्याच भेटीत विचारणे बरे दिसले नसते. तो दुसऱ्या दिवशी वाटेत आपोआपच सुटला.

पंचमीला पहाटे खासरातून निघालो. खासर ही तिकडची हलकी बैलगाडी. पळते छान, बसणाऱ्याचे मात्र हाल होतात. रामाजी पुढे बसून बैलांशी आणि आमच्याशी एकाच आवाजात बोलत होता. दिवाळीनंतर या भागातल्या गावोगावी मंडई भरते. मंडई म्हणजे बाजार, जत्रा आणि दंडार (नाच-गाण्यांचा खेळ) असे तिन्ही मिळून. दवनीवाड्याची मंडई उद्या होती.

"मंडईच्या आंधी साऱ्या कारागिराईचे दारं उघडे रायतेत जी," रामाजी म्हणाला. "भाऊबीजेपासून आजच्या दिवेलागणीपर्यंत. ज्यानं दारात दाखवलं नाही, त्याचं काम मंडईत चढत नाही."

"लोक येऊन काय करतात?" मी विचारले.

"खोट काढतेत."

"वाखाणत नाहीत?" वन्संनी विचारले.

"थे काम घरच्या बायकोचं. अन् तेबी ती करत नाही."

मग त्याने सगळी रीत सांगितली. खोट कोणीही काढावी. कारागिराने उलट बोलायचे नाही, गप्प बसून ऐकायचे. पटली तर सुधारायची, न पटली तर तशीच सोडायची. चित्र असो की मूर्ती, डोळे शेवटी काढतात, त्याला डोळे उघडणे म्हणतात. ज्याची खोट सुधारली गेली, त्यानेच डोळे उघडताना काजळाची नरोटी (नारळाची करवंटी) हातात धरायची.

"अन् नरोटी धरली का मंग त्या कामाले नाव ठेवाचं नाही," रामाजी म्हणाला. "थे काम त्याचंबी झालं."

"आणि कोणी साफ नको म्हटले तर?"

"दिवेलागणीपर्यंत थो नकोच म्हनत रायला, तं काम दारातून परत जाते. मंग त्या कारागिराले आजूबाजूच्या गावाईत कोणी बोलावत नाही." त्याने बैलाच्या पाठीवर हात फिरवला. "माहा पडदा असाच गेला जी. मालगुजार म्हनले, हत्तीची सोंड आखूड हाय. मी चूप बसाचं होतं. मी म्हनलो, तुमी कधी हत्ती पायला का?"

"पाहिला होता का त्यांनी?"

"त्यायच्या मामाकडं होता जी."

वन्सं हसल्या, मग त्यांना वाईट वाटले, आणि त्यांनी त्याला दशमी दिली. दशमी खाता खाता त्याने उरलेले सांगितले. घरात आता थोरला भाऊ मंसाराम तेवढा चितारकी करतो. मंडईत दंडारीमागे लावायचा मोठा पडदा त्याच्याकडे आहे. "पन दादानं औंदा भलतंच काढलं. मालगुजार राजी नाही. दादाचाबी पडदा परत गेला, तं ओसरीवर माह्या बाजूले जागा आहेच."

यावर आम्ही काही बोलणार तोच खासर एका बांधावरून उतरताना कलंडले आणि मास्तर छत्रीसकट धानात गेले. छत्री मोडली, मास्तर शाबूत होते.

दवनीवाडा मोठे गाव आहे. घरे मातीची, कौलारू, आणि प्रत्येक घरापुढे सपरी (पुढची उघडी पडवी). दिवाळीसाठी भिंती नुकत्याच पांढऱ्या आणि गेरूच्या मातीने सारवल्या होत्या. ही गोष्ट मी लिहून घेतली, पण वन्संना सांगायची राहिली. त्या पहिल्याच सपरीत टेकल्या आणि उठल्या तेव्हा त्यांच्या पाठीवर अर्धी भिंत आली होती. घरधनीण म्हणाली, "राहू द्या बाई, शोभते," आणि तो दिवसभर गावातल्या पोरी त्यांच्या मागून चालत होत्या.

पहिले दार गौरा कुंभारणीचे. सपरीभर मातीचे घोडे ओळीने मांडलेले, एकालाही डोळे नाहीत. माणसे येत होती, बसत होती, घोडा उचलून उलटा करून पाहत होती. एका म्हाताऱ्याने घोडा नाकाशी धरला. "गौरा, याचा कान दुमडला."

गौराने काही न बोलता ओल्या बोटाने कान सरळ केला आणि काजळाची नरोटी म्हाताऱ्याच्या हातात दिली. तिने काडीने दोन ठिपके दिले. इतका वेळ मातीचा गोळा असलेला तो घोडा एकदम आमच्याकडे पाहू लागला. म्हातारा नरोटी धरून असा उभा होता की घोडा त्यानेच घडवला असावा.

मास्तर खाली वाकून पाहत होते. "सगळ्याच घोड्यांचा एक एक कान दुमडलेला आहे," ते माझ्याशी हळू बोलले. "हलगर्जीपणा."

मी तिथून घोड्यांची एक जोडी निवडली. कला, निश्चित. पुढे सुताराकडचे मुखवटे पाहिले, त्यांतला राक्षसाचा घेतला. इथपर्यंत काम झपाट्याने चालले होते.

मंसाराम चिताऱ्याचे अंगण गावच्या टोकाला. बाहेर इतकी गर्दी की रामाजीला "सरा जी, नागपूरचे पाहुणे आले" असे ओरडत आम्हाला आत न्यावे लागले. दोन आंब्यांच्या मध्ये बांबूवर पडदा ताणला होता, आणि त्याच्यापुढे पाटावर मंसाराम बसला होता. रुंद खांद्यांचा, मोठ्या मिशांचा, गाल फुगलेला. मला वाटले दात दुखतो आहे.

"सुपारी आहे जी तोंडात," त्याची बायको भिवरा म्हणाली. ती रंग खलत होती. "भाऊबीजेपासून मीच कोंबून ठेवून रायले. नाही तं याचीबी जीभ भावासारखीच हाय."

मंसारामाने डोळे वटारले. भिवराने पाहिलेच नाही.

आता पडदा. अशा पडद्यावर महादेवाचा पहाड असतो, झाडे असतात, खाली नदी. इथेही पहाड होता आणि वर महादेव-पार्वती बसलेली होती. पण नदीच्या जागी सरकारी जंगलाचे तारेचे कुंपण होते, आणि कुंपणाच्या आत, सगळ्या पडद्याच्या मधोमध, एक गोंडीण गवत कापत होती. एका हातात गवताची मूठ, दुसऱ्या हातात विळा. मागून काठी घेऊन पोलिसाचा शिपाई येत होता. कोणालाच अजून डोळे नव्हते. बाईला, शिपायाला, महादेवाला, पांढरी रिकामी जागा. शिपायाच्या एका पायाला गणवेशाची पट्टी गुंडाळलेली होती, दुसरा उघडाच होता. मला वाटले, तेवढे काम राहिले असेल.

गेल्या साली जंगल सत्याग्रह झाला तेव्हा मंसाराम डिंक आणायला केशोरीच्या जंगलाकडे गेला होता. ही बाई त्याने स्वतः पाहिली होती. तिने विळा खाली टाकला नाही, म्हणून विळ्यासकट तिला गाडीत बसवून नेले, असे भिवराने सांगितले.

मास्तरांनी चष्मा पुसला. "रेघ उत्तम आहे. रंग घरचे?"

"गेरू, नीळ, काजळ. खळ चिंचोक्याची." भिवराने सांगितले.

"उत्तम. पण प्रमाण चुकले आहे. बाई झाडापेक्षा मोठी झाली."

मंसारामाने सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. कुंचल्याला हात लावला नाही. भिवरा रंग खलत म्हणाली, "झाडं जेलात गेले नाही जी. बाई गेली."

मास्तरांनी चष्मा पुन्हा घातला आणि पडदा नव्याने वरपासून खालपर्यंत पाहिला. मी मात्र यादीशी अडले होते. या पडद्यातली कला कुठे संपते आणि राजकारण कुठे सुरू होते, ते मला रेघ ओढून दाखवता येईना. विळ्याचा बाक इतका सुरेख होता की तो कलेत घालावा, तर त्याच विळ्यापायी बाई तुरुंगात गेली होती. गवत कलेत आणि ते कापणे राजकारणात, असे कसे लिहायचे? वर महादेव बसला होता, त्याचा पहाडही कुंपणाच्या आतच पडला होता.

एवढ्यात गर्दी दुभंगली आणि फागूजी मालगुजार आले. हे गावचे मालक. सारा गोळा करून सरकारात भरणारे. उतारवयाचे, सौम्य, अंगात स्वच्छ पांढरा अंगरखा. पडद्याचे कापड रीतीप्रमाणे त्यांनीच दिले होते.

"मंसाराम," ते म्हणाले, "विळा तेवढा काढ बाप्पा. फूल दे तिच्या हातात."

मागून एक डोकरी (म्हातारी) म्हणाली, "मालक, फुलानं गवत कापते का जी?"

लोक हसले. फागूजी हसले नाहीत. "उद्या मंडईत दहा गावाचे लोकं येतीन. कोणी वर कळवलं तं मले बोलावतीन, तुले नाही." मग ते माझ्याकडे वळले. "बाई, तुमी शिकल्या-सवरल्या. तुमी सांगा याले. फूल शोभते का नाही?"

सगळे अंगण माझ्याकडे पाहू लागले. "फूल शोभेल," मी म्हणाले. "पण मग हा पडदा मला प्रदर्शनाला नको. फुले हातात घेतलेल्या बायका नागपुरात पुष्कळ आहेत."

अध्यक्षांनी बजावलेले मला आठवले ते हे बोलून झाल्यावर. वन्संनी माझ्या कोपराला चिमटा घेतला, पण तो रागाचा नव्हता.

फागूजींनी तरीही 'नको' हा शब्द उच्चारला नाही. त्याचे कारण रामाजीने मला हळूच सांगितले. एका घरातल्या दोन्ही भावांचे पडदे त्यांच्याच तोंडून परत गेले, तर गाव त्यांना सोडणार नाही. हत्तीच्या सोंडेवरून अजून पोरे त्यांना ऐकवतात. म्हणून त्यांनी नको म्हणण्यासाठी दुसरा माणूस बोलावला होता. ठाण्यातून पोलिसांचा जमादार निघाला होता.

दुपारचे जेवण भिवराच्या ओसरीत झाले. भात, लाखोळीच्या डाळीचे वरण, वांग्याची भाजी, आणि मागाहून उकडलेले शिंगाडे. मंसारामाने सुपारी काढून जेवण केले, आणि तेवढ्या अवधीत तो इतके बोलला की आम्हा तिघांना मिळून तेवढे बोलता आले नसते. आजोबांचे पडदे, भंडाऱ्याच्या चिताऱ्यांची अक्कल, मास्तरांचे प्रमाण, सगळे त्याने घेतले.

"आणि पडदा परत गेला तर?" मी विचारले.

तो थांबला. "तं कुंचला रामाजीच्या पोराले खेळाले देईन. अन् मी पत्ता कापीन." विडीचे पान कात्रीने कापणे म्हणजे पत्ता कापणे. "पन विळा नाही काढणार जी. तिनं शिपायासमोर नाही टाकला. मी घरी बसल्या बसल्या टाकू?"

भिवराने त्याच्या तोंडात सुपारी घातली. "झालं तुमचं."

ऊन कलल्यावर जमादार आले. घोडी दारात बांधली, वेत काखेत मारला आणि तडक पडद्यासमोर येऊन उभे राहिले. जबलपूरकडचे, भरदार, कडक इस्त्रीचे. पट्ट्याचे पितळ असे घासलेले की त्यात आंबे दिसत होते. फागूजी त्यांच्या मागे एका पावलावर.

जमादारांनी बाईकडे पाहिले. विळ्याकडे पाहिले. कुंपणाकडे पाहिले. फागूजी घसा साफ करून म्हणाले, "यही है, साहब." वेत हळूहळू वर गेला आणि शिपायाच्या पायापाशी थांबला.

"यह क्या है?"

वेताचे टोक उघड्या पायावर टेकले.

"एक पाँव में पट्टी, दूसरा नंगा? सरकारी सिपाही ऐसे घूमता है? बारात का घोड़ा समझा है?"

मंसारामाने मान खाली घातली. त्याच्या वतीने भिवरा बोलली. रीतीने बंदी फक्त कारागिराच्या जिभेला आहे. "चुकलं का जी, साहेब? दोन्ही पायाले पाहिजे?"

"और क्या? कभी सिपाही देखा नहीं?"

"देखा जी. घाईत देखा."

मंसारामाने कुंचला गेरूत बुडवला आणि दुसऱ्या पायाला पट्टी रंगवायला लागला. जमादार दोन पावले पुढे सरकले. "ऐसे नहीं. टखने से शुरू होती है, घुटने के नीचे ख़त्म. और कसके." मंसारामाने एक वेढा काढला आणि प्रश्नार्थक मुद्रेने वर पाहिले. जमादारांना राहवेना. त्यांनी आपलाच पाय पाटावर ठेवला. "यह देखो. एक पर एक. बराबर अंतर."

आणि मग दवनीवाड्याच्या अंगणात, दहा गावांची मंडई दुसऱ्या दिवसावर असताना, जमादारांचा पाय पाहून चितारी चित्र काढीत होता आणि सगळे गाव श्वास रोखून पट्टीचे वेढे पाहत होते. मास्तरसुद्धा पुढे होऊन म्हणाले, "सावली डावीकडून." जमादार म्हणाले, "हाँ, मास्टरजी ठीक कहते हैं." शेवटचा वेढा झाल्यावर ते मागे सरले, मान तिरपी केली आणि म्हणाले, "अब हुआ सिपाही."

भिवरा उठली. तिने काजळाची नरोटी दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे केली. "धरा जी, साहेब."

त्यांनी ती धरली. दुसरा कोणताही सभ्य माणूस धरील तशीच धरली. कोपऱ्यात डफ वाजू लागला. मंसाराम नरोटीत कुंचला बुडवून पडद्याकडे गेला. प्रथम महादेवाचे डोळे, मग पार्वतीचे, मग शिपायाचे. प्रत्येक वेळी तो वळून जमादारांपाशी येई आणि ते नरोटी थोडी पुढे करीत. शेवटी बाईचे. तिचे डोळे त्याने मोठे काढले, समोर पाहणारे, आणि ते उघडताक्षणीच मला कळले की ती विळ्याकडे पाहत नाही, शिपायाकडे पाहत नाही, आपल्याकडे पाहते आहे. अंगणातल्या बायकांनी पदर डोक्यावर घेतले. पुष्कळांनी हात जोडले.

फागूजींनी मात्र कपाळाला हात लावला होता. "जमादारसाहब," ते म्हणाले, "आपने नरोटी पकड़ ली."

"तो?"

डोकरीने समजावले. अगदी मायेने, नातवाला सांगावे तसे. "आता तोंड बंद, बाबू. तुवा खोट काढली, त्यानं सुधारली, तुवा नरोटी धरली. आता हा पडदा तुहाबी आहे."

जमादारांनी नरोटीकडे पाहिले. मग पडद्याकडे. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "लेकिन वह हँसिया..." एवढे बोलून ते थांबले, कारण मागे शंभर माणसांनी एकदम नकाराची मान हलवली होती.

मला वाटले, इथे थोडी व्यवस्थितपणाची मदत करावी. मी वही उघडली, पेन्सिल काढली आणि पुढे झाले. "साहेब, आम्हाला नागपुरात समितीपुढे वृत्तांत द्यावा लागतो. चित्रातला शिपाई खुद्द आपण सुधारून दिला, असे लिहायचे आहे. आपले नाव कसे लिहू?"

त्यांनी नरोटी काळजीपूर्वक पाटावर ठेवली, रुमालाने बोटांचे काजळ पुसले. "कुछ मत लिखिए, बाईजी," ते म्हणाले. "पर्दा है. पर्दे की जगह टाँगिए." दारापर्यंत जाऊन ते वळले. "सिपाही अच्छा बना है."

घोडीच्या टापा दूर गेल्यावर अंगणात एकच गलका झाला. लोक हसत होते, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. रामाजी भावाला मिठी मारून रडत होता. मंसारामाने सुपारी थुंकली आणि भाऊबीजेपासूनचे सगळे बोलणे एका दमात सुरू केले. फागूजी माझ्यापाशी आले. त्यांचा चेहरा इतका सैलावला होता की ते वयाने लहान दिसत होते. "मीबी तेच म्हनत होतो," ते म्हणाले. "चांगलाच पडदा आहे. आता कोणी विचारलं तं सांगीन, जमादारसाहेबांनी पास केला."

मी भिवराला बाजूला घेतले. "ती पट्टी मुद्दाम सोडली होती?"

"खोट सोडावीच लागते जी. लोकाईले काहीतरी काढाले पाहिजे का नाही?" ती नरोटी धुऊ लागली. "कुठं सोडाची, तेवढं मात्र पाहावं लागते."

मास्तर हे ऐकत होते. त्यांनी गौरा कुंभारणीच्या घराकडे तोंड केले आणि थोडे हसले.

षष्ठीला मंडई भरली. मंडपामागे पडदा चढला. भर दिवसा, उन्हात, त्याच्यापुढे दंडारी नाचले. टाळ्यांना सुमार नव्हता. बांगड्यांची, गुळाची, शिंगाड्यांची दुकाने सोडून लोक पडद्यापुढे येत होते. रानाकडून आलेल्या काही गोंड बायका सगळ्यांत पुढे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी आपसांत गोंडीत काहीतरी म्हटले, एकीने हवेत मूठ धरून गवत कापल्यासारखे केले आणि सगळ्या समाधानाने खाली बसल्या. तिथून त्यांना संध्याकाळपर्यंत कोणी उठवले नाही. दुपारी मंसारामाला शेजारच्या गावांच्या माणसांनी घेरले होते, पुढच्या मंडयांचे पडदे सांगायला. रामाजीकडेही एकजण आला. तो पडदा लहान आहे, पण पडदा आहे.

वन्संनी पाठीवरची भिंत न धुता तशीच नागपूरला आणली. गाडीत मी माझ्या यादीतली ती दोन कलमे काढून पाहिली आणि खोडून टाकली. राजकारण चित्रात कोणी आणून ठेवावे लागत नाही. गवत कुणाचे, ते कापायचे कुणी, कुंपण कुठे घालायचे, हे प्रश्न माणसांच्या अंगणात आधीच आलेले असतात. चितारी तेवढे डोळे उघडतो. आणि कला म्हणजे नुसती रेघ असती, तर जमादारांकडून ती नरोटी कोणी धरवून घेऊ शकले नसते. एका गावाने आपल्या चिताऱ्याला आणि आपल्या चित्राला, कोणाचे डोके न फोडता, आपल्याच रीतीने वाचवले. हे मी पाहिले. समितीला मी हेच सांगितले.

मूळ पडदा मंडईचा झाला. तो गाव सोडत नाही. प्रदर्शनासाठी मंसाराम दुसरा काढून देणार आहे, विळ्यासकट. बडे साहेब आले तर त्यांनाही तो दिसेल. समितीने थोड्या चर्चेनंतर हे मान्य केले, आणि मास्तरांनी त्या बैठकीत टेबलावर मूठ आपटली, हे इथे नमूद करते. मंसारामाची अट मात्र एकच आहे. पडदा नागपूरचा, म्हणून खोट नागपूरकरांनी काढावी, आणि ती त्याच्या दारात येऊन. समितीतर्फे अध्यक्षांनी यावे, असे भिवराने सुचवले आहे.

कापड पाठवले. रंगांसाठी नीळ पाठवली. खासर सांगून ठेवले आहे. अध्यक्षांसाठी उकळलेल्या पाण्याच्या दोन सुरया घेतल्या आहेत. त्यांनी मात्र अजून दिवस दिलेला नाही. थंडी जरा कमी झाली की पाहू, म्हणतात.